आयेंदे यांचा मृत्यू आणि डाव्यांची स्मृती

जानेवारी १९१९ मध्ये, आपल्या हत्येच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या लेखात रोझा लक्झेंबर्ग यांनी पराभवांची मालिका हीच समाजवादाच्या अंतिम विजयाची शिदोरी असल्याचे प्रतिपादन केले होते. पराभवाकडे पाहण्याची ही दृष्टी डाव्या परंपरेत खोलवर रुजली. तिच्या मानसिक परिणामांची चर्चा एन्झो त्राव्हेर्सो यांनी २०१६ मधील ग्रंथात ‘विषण्णता’ या संकल्पनेच्या आधारे केली आहे. परंतु विषण्णतेपेक्षा मला एक नैतिक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पराभूताची स्मृती जपणाऱ्याला त्या पराभूताचे निर्णय मरणोत्तर बदलण्याचा अधिकार पोचतो काय?

चिलीचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत साल्व्हादोर आयेंदे यांना ३६ टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली आणि संसदेच्या अनुमोदनाने ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९७१ मध्ये तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण संसदेत एकमताने संमत झाले. पुढे ऑक्टोबर १९७२ चा मालमोटार-मालकांचा संप, बेफाम चलनवाढ, अमेरिकेने पुरविलेला पैसा आणि अखेर ११ सप्टेंबर १९७३ चा लष्करी उठाव हा क्रम सर्वज्ञात आहे. राजप्रासादावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले आणि आयेंदे तेथेच मृत्यू पावले.

कसे, हा वाद तेव्हापासूनचा. त्यांनी आत्महत्या केली असे लष्करी राजवटीने लगेच जाहीर केले. २८ सप्टेंबरला हवानातील सभेत फिडेल कॅस्ट्रो यांनी मात्र लढता लढता गोळ्या लागून पडलेल्या आयेंदे यांचे सविस्तर चित्र उभे केले आणि जगभरच्या डाव्यांनी तेच स्वीकारले. त्यांना दोष देणे कठीण आहे. ज्यांच्या हातांना रक्त लागले होते त्यांच्या मुखातून आलेले सत्य सत्य म्हणून स्वीकारणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. शिवाय ते चित्र सर्वस्वी कल्पित नव्हते. आयेंदे यांनी त्या सकाळी हाती बंदूक धरली होती, प्रतिकारही केला होता. प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या काळात. १९९० मध्ये लोकशाही परतली, आयेंदे यांचा सार्वजनिक इतमामाने दफनविधी झाला, २०११ मध्ये पुन्हा न्यायवैद्यकीय तपासणी होऊन आत्महत्येचाच निष्कर्ष निघाला. अविश्वासाचे कारण संपले तरी कथेची गरज मात्र संपली नाही.

ही गरज कशाची? मला वाटते, ‘आत्महत्या’ या शब्दात खचलेपणा ऐकू येतो, तो टाळण्याची. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. आपला ‘हुतात्मा’ हा शब्द मारणारा कोण हे विचारत नाही. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. आयेंदे यांनी आधी सहकाऱ्यांना शरण जाण्यास सांगितले आणि मग स्वतःवर गोळी झाडली, हा क्रम ध्यानात घेतला की तो मृत्यू खचलेल्या माणसाचा वाटत नाही. त्या सकाळच्या नभोवाणी-भाषणात त्यांनी जनतेला स्वतःचा बचाव करण्यास सांगितले होते, बलिदान करण्यास नव्हे. मोबदला ते एकटे देणार होते. त्यांना रणात पाडणारी वीरगाथा हीच मर्यादा पुसून टाकते. तीन वर्षे यादवी नाकारणाऱ्या माणसाला ती अखेरच्या क्षणी यादवीचा पहिला सैनिक बनवते आणि त्याच्या नावाने इतरांकडे तेच बलिदान मागण्याची वाट मोकळी करते.

याउलट, मृत्यूच्या तपशिलात न शिरणारी एक समंजस स्मृतीही आहे. इटालियन कम्युनिस्ट पक्षाचे नेते एन्रिको बर्लिंग्वेर यांनी १९७३ च्या शरदात लिहिलेल्या लेखांत असा निष्कर्ष काढला की, एक्कावन्न टक्के मते मिळवूनही डाव्यांना एकट्याने राज्य चालवता येणार नाही. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांशी तडजोड हवी. त्याच वेळी कामगारांना वेळीच शस्त्रे का दिली नाहीत, हा सवाल अतिडावे विचारत होते. एकाच पराभवातून दोन विरुद्ध धडे निघाले याचे मला आश्चर्य वाटत नाही; दृष्टान्ताची ती रीतच आहे. पण दोन्ही धडे प्रत्यक्ष चिलीपेक्षा धडा घेणाऱ्याच्या देशाविषयी अधिक बोलतात.

या तिन्ही स्मृतींच्या कडेला राहून गेलेली एक गोष्ट आहे. मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत आयेंदे यांच्या आघाडीला सुमारे ४४ टक्के मते मिळाली होती, म्हणजे पाठिंबा वाढला होता, परंतु बहुमत नव्हते. ही कोंडी फोडण्यासाठी ते सार्वमत घोषित करण्याच्या बेतात होते. त्यात हार होण्याची शक्यता उघड होती, आणि ती पत्करण्याची त्यांची तयारी होती. ज्या दिवशी घोषणा व्हायची, असे सांगितले जाते, त्याच दिवशी रणगाडे रस्त्यावर आले.