अपघात कुणाला म्हणायचं?

साच्यावर बोट तुटलं की जॉबर म्हणतो, "निष्काळजी होता." गटारात माणूस मेला की साहेब म्हणतो, "अपघात झाला." शब्द दोन, पण दोघंही हात झटकून मोकळे.

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी धोट्यातला धागा तोंडानं ओढत. म्हणून आपल्या माणसांना साचेखात्यात मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला. सवर्णाला भीती वाटली ती उष्ट्याच्या विटाळाची. त्याच धाग्याबरोबर छातीत कापूस जातो, त्याची नाही.

गटारापाशी मात्र आपल्याला मज्जाव नाही. तिथं आपल्यालाच हाक. आतला वायू जीव घेतो हे मुकादमाला माहीत असतं. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय माणूस उतरवायला बंदी घातली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी माणूस नुसत्या दोरावर उतरतोच.

माहीत असून घडू दिलं, त्याला अपघात कसं म्हणायचं?

पोटासाठी उतरणाऱ्याला एकट्याला "नाही" म्हणता येत नाही. ते आपण वस्तीनं म्हणायचं: आधी वायू मोजा, मग माणसाला हाक मारा. मेल्यावर लाखांत मोजलेला माणूस आम्हाला नको.