ऐकणाऱ्याचे उत्तरदायित्व

वाकोल्यात प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूला एका गोष्टीची सवय लवकर होते. विमानतळ जवळ असल्यामुळे ऐन वाक्याच्या मध्यावर विमानाचा आवाज येतो आणि दोन-तीन शब्द त्या घरघरीत बुडून जातात. सुरुवातीला मी थांबत असे. पुढे ध्यानात आले की, बुडालेल्या शब्दांवाचूनही लोकांना वाक्य कळलेले असते. इतकेच नव्हे, तर ते शब्द आपण ऐकले असेच पुष्कळांना वाटते. हे भाविकांचे सौजन्य नव्हे, हा मेंदूचा स्वभाव आहे.

शब्द म्हणजे मुळात हवेतील कंप. कानाच्या पडद्यावरून आणि तीन चिमुकल्या हाडांतून ते आतील शंखाकृती नळीत पोहोचतात. तेथे केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी आहेत. त्या या कंपांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणाची नस ते संदेश मेंदूकडे नेते. परंतु एवढ्याने अर्थ हाती येत नाही. कार्ल वर्निके या जर्मन वैद्याने १८७४ साली दाखवून दिले की, मेंदूच्या कानशिलाकडील विशिष्ट भागाला इजा झालेल्या रुग्णाला आवाज ऐकू येतो, पण शब्दांचा अर्थ लागत नाही. आज आपण जाणतो की, या कामात मेंदूचे अनेक भाग एकत्र गुंतलेले असतात. तरी मूळ धडा कायम आहे : ऐकू येणे वेगळे आणि समजणे वेगळे.

१९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. ध्वनिमुद्रित वाक्यातील एका शब्दातला एक ध्वनी काढून त्या जागी त्याने खोकल्याचा आवाज घातला. श्रोत्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कोठे आला, हेही त्यांना धड सांगता येईना. कानाने न दिलेले मेंदूने स्वतःच्या पदरचे घातले होते. मेंदू शब्दाची वाट पाहत बसत नाही. पुढे काय येणार, याचा अंदाज तो सतत बांधत असतो आणि त्या अंदाजाने रिकामी जागा भरून काढतो.

हा अंदाज आपण पाळण्यापासून शिकत आलेलो असतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका संशोधनात असे आढळले की, इंग्रजी घरातील सहा महिन्यांच्या बालकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद कळतो. वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांची ती जाण मावळते. जे ध्वनी आपल्या माणसांच्या तोंडी नसतात, त्यांना कान हळूहळू दार लावून घेतो. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. कोकणीत 'हांव' म्हणजे 'मी'. त्यातील अनुनासिकाकडे प्रमाण मराठीच्या कानाचे लक्ष जात नाही आणि त्याला ऐकू येते ते 'हाव', म्हणजे लोभ. एक माणूस 'मी' म्हणतो आणि दुसऱ्याला लोभ ऐकू येतो!

हे विनोदाने घेता आले असते, तर बरे झाले असते. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून असे घडले. शाळा उघडण्याचे दिवस होते. सकाळपासून पाच-सहा जण मुलांच्या फीसाठी मदत मागून गेले होते. संध्याकाळी पावसात भिजलेली एक वृद्ध कोकणी बाई दारात आली. "फादर, हांव पयशे..." एवढे तिने म्हटले आणि पुढचे शब्द विमानाने गिळले. मी मान वर न करताच म्हणालो, "आता नाही. शनिवारी या." ती निमूट निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीकडून कळले. "दिवंक आयल्यां" हे ते बुडालेले शब्द होते. नवऱ्याच्या वर्षदिनाच्या मिस्सेसाठी ती पैसे द्यायला आली होती. मी तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती मात्र उलट ओशाळली. आपण आणलेले पैसे कमी आहेत म्हणून फादरांनी परत पाठवले, असा अर्थ तिने लावला होता. माझ्या वाक्यातील रिकामी जागा तिनेही आयुष्यभराच्या अनुभवाने भरली होती. माझ्या अनुभवाने मला शिकवले होते की, गरीब मागायला येतो. तिच्या अनुभवाने तिला शिकवले होते की, गरिबाचे देणेही अपुरेच ठरते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. अर्थ लावण्याचे हे काम मेंदू अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो. इच्छाशक्ती जागी होण्यापूर्वीच ते झालेले असते. मग यात माझे पाप ते कोणते? सेमिनरीत आम्हाला दोन प्रकारचे अज्ञान शिकवले होते. एक दूर करता न येणारे. त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे थोड्या प्रयत्नाने दूर करता येण्याजोगे. त्याचा दोष लागतो. ते दोन शब्द मला ऐकू आले नाहीत, हा पहिला प्रकार झाला. मी मान वर केली नाही आणि "काय म्हणालात?" असे विचारले नाही, हा दुसरा. शिवाय संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीप्रमाणे सद्गुण आणि दुर्गुण या कृतींतून जडलेल्या सवयी असतात. माझ्या मेंदूचा अंदाज क्षणात निघाला हे खरे, पण तो अनेक वर्षांच्या माझ्या पाहण्या-बोलण्यातून घडला होता. त्या वर्षांचा हिशेब माझ्याकडेच मागितला जाणार.

यावर उपायही जुनाच आहे. संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या आरंभी एक नियम घालून दिला आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ घेण्यास ख्रिस्ती माणसाने अधिक तत्पर असावे. तसा अर्थ लागत नसेल, तर त्याला काय म्हणायचे आहे, हे त्यालाच विचारावे. मेंदू रिकामी जागा भरणारच, त्याला आपण थांबवू शकत नाही. ती कशाने भरावी, हे त्याला शिकवणे मात्र आपल्या हाती आहे. आणि भरल्यानंतर विचारून खात्री करून घेणे तर त्याहून सोपे आहे.

बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू आली, तेव्हा त्याचे कान निर्दोष होते. तरीही तीन वेळा तो एलीकडे धावला, कारण त्याच्या ओळखीचा आवाज एलीचाच होता. चुकत चुकत का होईना, तो दर वेळी उठून विचारायला गेला, म्हणूनच त्याला परमेश्वराचा आवाज ओळखता आला. मी त्या संध्याकाळी खुर्चीवरून उठलो नव्हतो.

बाळाच्या स्नानसंस्कारात 'इप्फाथा' हा विधी असतो. धर्मगुरू अंगठ्याने प्रथम बाळाच्या कानांना आणि मग ओठांना स्पर्श करतो. आधी कान, मग तोंड. हा विधी मी कित्येकदा केला आहे. आता तो करताना, कान उघडण्याची ती प्रार्थना मी स्वतःसाठीही करतो.