भरतीच्या आधीचे मन

अहमदनगरला (2024 पासून अहिल्यानगर) लष्कराचे अप्रूप नाही. रणगाडा दलाचे केंद्र येथे, यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्रही येथेच. शहराजवळच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा पाहिलेली मुले वर्गात आली की आम्ही 1965 चे युद्ध आणि हवालदार अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगतो. मग एखादा विचारतोच, “सर, तयारी कैसी करनी?”

शरीराची तयारी सांगणे सोपे आहे. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावले तर 60 गुण, बीमवर 10 वेळा अंग वर खेचले तर 40. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. अंतर हळूहळू वाढवावे, नडगी दुखू लागली तर चार दिवस थांबावे. 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी होते, मैदान नंतर, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पाय तयार आणि गणित कच्चे, अशी मुले आम्ही पाहतो.

मनाचे काय? आम्ही वर्गात “का?” विचारायला शिकवतो. तेथे पहिल्या दिवसापासून हुकूम: केस इतकेच, बिछान्याची घडी अशीच, उठायचे शिटीवर. मन मारल्याशिवाय सैनिक होता येत नाही, असे वडीलधारी मंडळी सांगतात. आम्हाला हे पटत नाही. रोजेदार मुलगा घरात एकटा असतो, समोर पाण्याचा माठ असतो, पाहणारे कोणी नसते. तरी तो पीत नाही. त्याचे मन मेलेले नसते, उलट पुरते जागे असते. भीतीने पाळलेला हुकूम उस्तादाची पाठ वळेपर्यंत टिकतो. कवायतीची सवय लावतात ती गोळीबारात विचाराला सवड नसते तेव्हा हातांनी काम करावे म्हणून. या सवयीत आम्हाला गैर काही दिसत नाही.

पण सवयीलाही मर्यादा हवी. 1950 च्या लष्कर कायद्याचे कलम 41 हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगते, मात्र तो हुकूम ‘कायदेशीर’ असला पाहिजे. हा एक शब्द फार मोलाचा आहे. खालिकची नाफरमानी होईल अशा बाबतीत मखलूकचा हुकूम मानू नये, ही शिकवण आपल्या घरांत जुनीच आहे. अठरा वर्षांच्या मुलाला ऐन वेळी हा फरक ओळखता येईल का? कठीण आहे. म्हणूनच निःशस्त्र माणसावर, बाईवर, कैद्यावर हात उचलायचा नाही, हे त्याच्या मनात घरीच पक्के झालेले असावे. ते काम प्रशिक्षण केंद्रावर सोडून मोकळे होणे आम्हाला पटत नाही.

दाढीचा प्रश्न टाळून चालणार नाही. दाढी ठेवली म्हणून हवाई दलातून काढलेल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये फेटाळले; गणवेशातील एकरूपता आणि शिस्त हे त्यामागचे कारण. हा निकाल आपल्यातील अनेकांना बोचतो. आम्हालाही थोडा बोचतो. पण “पुढे बघू” असे मनात ठेवून शपथ घेणे प्रामाणिकपणाचे नाही. मुलाने अर्ज भरण्याआधी अब्बा-अम्मीसमोर बसून ठरवावे, आणि ‘नाही’ ठरले तर त्याला कोणी भेकड म्हणू नये.

अग्निवीर म्हणून भरती चार वर्षांची, आणि पुढे कायम होणारे 25 टक्क्यांपर्यंत. साडेसतराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविशीही गाठण्याआधी घरी परतू शकतो. कानात शिटी, हातात काम नाही, आणि मोहल्ल्यात सगळे विचारणार, “निकाल दिया क्या?” धावायला लागण्याआधी या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी असावे. अम्मीपाशीही असावे, कारण विचारणारे आधी तिलाच विचारतात.