विकासशुल्क आणि ग्रंथऋण
कपाशीच्या काळ्या रानात चुन्याच्या रेघा पडून वर्ध्याभोवती जे अकृषिक भूखंड निघतात, त्यांच्या वाढत्या मोलात रस्त्याचा, पाण्याचा, शेजाराचा, म्हणजे समाजाचाच वाटा असल्यामुळे, विकासकाकडून ग्रंथालयासाठी शुल्क घेणे हा जुलूम की ऋणफेड, हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. पवनारच्या विनोबांनी १९५१ पासून भूदानात सहावा हिस्सा भिक्षा म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितला. मात्र तो राजीखुशीने मिळावा, हा त्यांचा आग्रह. सक्तीने पुण्य लाभत नाही, हे खरे. पण वाचकाला दात्याच्या पुण्याशी काय कर्तव्य? मद्रासने १९४८ सालीच कायद्याने ग्रंथालयकर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने तो टाळून ग्रंथालये सरकारी अनुदानाच्या भरवशावर सोडली. विकासशुल्क तर नगररचनेच्या कायद्यान्वये आजही वसूल होतेच. त्यातला अंश वाचनालयाकडे वळविण्यास माझ्या मते धर्माची हरकत नाही, असलीच तर दफ्तराची.