अर्धवट राहिलेल्याचं काय होतं?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०



आज अर्जुनाचा एक फार माणसासारखा प्रश्न आहे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी मन आवरण्याची सगळी साधना सांगून झाली आहे. अभ्यास आणि वैराग्य हा उपायही सांगून झाला आहे. अर्जुन ते ऐकतो आणि विचारतो, देवा, एखाद्याने श्रद्धेने सुरुवात केली, पण मधेच मन ढळलं आणि शेवट गाठायचा राहिला, तर त्याचं काय होतं? संसाराचं सुखही हातचं गेलं आणि योगही साधला नाही. वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

हे श्लोक मी बरीच वर्षं नुसते म्हणत होतो. हा प्रश्न पोटातून कळला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये. आज तेच सांगतो. थोडं लाजिरवाणं आहे, पण सांगतो.

त्या वर्षी बर्लिन मॅरेथॉनच्या लॉटरीत माझं नाव लागलं होतं. पनवेलच्या आमच्या छोट्याशा ग्रुपमधल्या आणखी एका मित्राचंही लागलं. तो माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणतो. शर्यत २९ सप्टेंबरची. अंतर ४२.१९५ किलोमीटर. १८ आठवड्यांचा प्लॅन आखला. पहिला रविवार २ जूनचा, आणि अठरावा रविवार म्हणजे थेट शर्यतीचा दिवस.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅरेथॉनच्या तयारीत आठवडाभर लहान धावा असतात आणि रविवारी लाँग रन. तो १६ किलोमीटरपासून वाढत वाढत ३२ पर्यंत जातो. शेवटचे तीन आठवडे पळणं कमी करत आणतात, त्याला टेपर म्हणतात. शरीर पळताना ताकद कमावत नाही, पळून झाल्यावर विश्रांतीत कमावतं, म्हणून हे सगळं. बर्लिनला सप्टेंबरअखेर छान गारवा असतो. आमची तयारी मात्र जून ते सप्टेंबर, म्हणजे कोकणातल्या पावसात! पहाटे चारला पळस्पे फाट्याजवळ भेटायचं, जुन्या गोवा हायवेने शिरढोणवरून कर्नाळ्याकडे जायचं आणि परत यायचं. अंगावर चमकणारं जॅकेट, बाजूने ट्रक, बुटात पाणी. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे. सोमवारी ऑफिसचा स्टँडअप खुर्चीत बसूनच!

त्या पावसाळ्यात मी सोबतीला विनोबांची गीता प्रवचने घेतली होती. एक योगायोग सापडला होता ना! विनोबांनी ही प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली. दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार. म्हटलं, माझेही अठरा रविवार. पळून आलो की एक अध्याय वाचायचा. शिवाय विनोबा आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. मला वाटलं, देवाने प्लॅनच जुळवून दिलाय.

सहाव्या रविवारी सहावा अध्याय आला. त्यात सोळावा-सतरावा श्लोक आहे. फार खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, काम, झोप, सगळं बेताचं हवं. मी ते वाचलं, मान डोलावली आणि त्या रात्री रिलीजसाठी एकपर्यंत जागून पहाटे पुन्हा पळायला गेलो.

आपण असं करतो बघा. सोयीचा श्लोक मोबाइलच्या वॉलपेपरवर आणि गैरसोयीचा पारायणापुरता.

१८ ऑगस्टच्या रविवारी उजव्या नडगीत एक ठरावीक जागा दुखायला लागली. बोट ठेवलं की जीव जायचा. कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. देवाला मात्र सांगितलं, आणि काय सांगितलं ते ऐका. म्हटलं, विठ्ठला, २९ सप्टेंबरपर्यंत हा पाय टिकव, मग काय हवं ते कर. चक्क डेडलाइन दिली देवाला! २५ ऑगस्टला वेदनाशामक गोळी घेऊन ३० किलोमीटर पळालो. परत येताना शिरढोणपासून लंगडत चालत यावं लागलं. एमआरआयमध्ये दिसलं, नडगीच्या हाडाला बारीक तडा. स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पळायचं नाव काढायचं नाही.

कॅलेंडर बघायचीही गरज नव्हती. शर्यत गेली. तिकिटाचे पैसे थोडेफार परत आले. मित्र एकटा जाणार होता. आणि मी दिवसभर एकच हिशेब करत होतो, की तेरा रविवार वाया गेले. फाटलेला ढग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मग मी चाळिसाव्या श्लोकाला घट्ट धरलं. तिथे भगवंत अर्जुनाला म्हणतात, अशा माणसाचा ना इथे नाश होतो ना परलोकात. आणि हे सांगताना ते अर्जुनाला 'तात' म्हणतात, म्हणजे बाळा. सबंध गीतेत भगवंतांनी अर्जुनाला ही हाक एकदाच मारली आहे. पार्थ, कौंतेय, धनंजय हे सगळं बाजूला ठेवून, अर्धवट राहण्याची भीती वाटणाऱ्या माणसाला ते बाळा म्हणतात. मला रडू आलं. म्हटलं, चला, माझी मेहनत वाया गेली नाही, देवाने लिहूनच दिलंय.

पण आठवड्याभरात तो दिलासा पातळ झाला. कारण खरं सांगायचं तर मेहनत वायाच जात होती! तीन-चार आठवडे पळणं बंद झालं की दमश्वास उतरतो, ही साधी शरीराची गोष्ट आहे. जिना चढताना ते कळत होतं. मग वाया जात नाही ते नेमकं काय?

याचं उत्तर मला महिन्याभराने मिळालं, आणि ते कडू होतं.

७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी रविवार, ग्रुपचा शेवटचा ३२ किलोमीटरचा रन. मी घरात बसून सगळ्यांवर चिडत होतो. बायको म्हणाली, "घरात बसून डोकं खाण्यापेक्षा चल, त्यांना पाणी तरी देऊ." मनात नव्हतं, पण गेलो. गाडी तिनेच चालवली. कर्नाळ्याजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मीठ-लिंबाचं पाणी, केळी, उकडलेले बटाटे. पोरं आली, प्यायली, गेली. मित्र म्हणाला, "दादा, बरं झालं आलात." संध्याकाळी विसर्जन होतं म्हणून आम्ही लगेच परतलो. एवढंच. यात मी काही फार मोठं केलं असं मला तेव्हा वाटलंही नाही.

मग २९ सप्टेंबर. बर्लिनला सकाळी सव्वानऊला शर्यत सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पाऊण वाजलेला असतो. मित्र मागच्या गटात होता. मी जेवण आवरून अ‍ॅप उघडून बसलो. त्या दिवशी ५४ हजारांहून जास्त लोकांनी ती शर्यत पूर्ण केली. मी त्यातल्या एकाच ठिपक्याकडे बघत होतो. दर पाच किलोमीटरला त्याची वेळ येत होती. तीस किलोमीटरपर्यंत तो चार तासांच्या आत पोहोचणार अशी चाल होती. माझं स्वप्न तेच होतं, चार तासांच्या आत. पस्तिसाव्या किलोमीटरला आकडा आला आणि तो एकदम मंदावलेला दिसला.

आणि मंडळी, मला बरं वाटलं.

क्षणभरच. पण वाटलं. मी फोन उपडा ठेवला. ज्या पोराबरोबर पहाटे ट्रकांच्या उजेडात पळालो, त्याचे पाय भरून आले म्हणून माझ्या पोटात गारवा! पूजेचं कपाट समोर होतं. तिकडे बघवेना.

तो चार तास अकरा मिनिटांत पोहोचला. रात्री फोन आला. म्हणाला, "दादा, पस्तीसला पेटके आले. थांबणारच होतो. पण तुम्ही लंगडा पाय घेऊन कर्नाळ्याला पाणी घेऊन उभे होतात ना, ते डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, आता चालत का होईना, पण पोहोचायचं."

म्हणजे मी ज्या मिनिटाला त्याच्या थांबण्यावर खूश होत होतो, साधारण त्याच मिनिटाला तो माझी आठवण काढून पुढे जात होता.

त्या रात्री चाळिसावा श्लोक पुन्हा उघडला. दिलासा घ्यायच्या घाईत मी त्यातला एक शब्द वगळला होता. भगवंत हे आश्वासन कोणाला देतात? नुसतं सुरू करणाऱ्याला नाही. 'कल्याणकृत' माणसाला, म्हणजे कल्याणाचं काम करणाऱ्याला. त्याची दुर्गती होत नाही.

मग प्रामाणिकपणे विचार केला. माझ्या त्या रविवारांत कल्याण किती होतं? आम्ही इंजिनियर लोक लॉग बघतो. लॉग भेदभाव करत नाही, यशही लिहितो आणि एररही लिहितो. मी तेरा रविवार पळण्याचा अभ्यास केला, तसाच दुसऱ्याच्या घड्याळाशी स्वतःचं घड्याळ लावून बघण्याचाही केला. बायकोपासून लपवण्याचा केला. देवाशी सौदा करण्याचा केला. यातलंही काही वाया गेलं नाही. सगळं जमा झालं आणि २९ तारखेला दुपारी व्याजासकट बाहेर आलं. आणि कर्नाळ्याला मनाविरुद्ध दिलेलं ते पाणी, तेही जमा झालं होतं. ते मात्र बर्लिनला दुसऱ्याच्या पायात उतरलं.

हे लिहिताना दोन माणसं आठवतात.

एक, सदाशिव दातार. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यामागे पुण्याचं डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा होते. २२ ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये आपले दोघे धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. निकालात त्यांच्यापुढे वेळच नाही. शंभर वर्षांनी मी बर्लिनच्या लॉटरीत नाव टाकतो तेव्हा मला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण कोणीतरी आधी जाऊन आलंय. ती वाट करणाऱ्यांमध्ये न पोहोचलेले दातारही आहेत.

दुसरे साने गुरुजी. धुळ्याच्या तुरुंगात ते अठरा रविवार विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. स्वतःचं काही नाही, दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवणं. आज ती प्रवचनं माझ्या हातात आहेत ती त्यामुळे. मी अठरा रविवारांचा योगायोग बघितला, पण त्या अठरा रविवारी शांतपणे लिहिणाऱ्या माणसाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मॅरेथॉन म्हणजे योग नव्हे, हे मला कळतं. अर्जुनाचा प्रश्न मेडलचा नव्हता. पण आपल्या पिढीला साधना अर्धवट राहण्याची भीती ज्या वाटेने कळते, त्या वाटा अशाच आहेत. कोणाची परीक्षा राहते, कोणाचा व्हिसा, कोणाचं स्टार्टअप, कोणाचा सोळा सोमवारांचा नेम. तेव्हा 'काही वाया जात नाही' हे वाक्य धीर देतं, आणि ते खरंही आहे. फक्त ते पूर्ण ऐकायचं. काहीच वाया जात नाही, म्हणून जमा काय करतोय ते बघायचं.

मित्राला मी ती दुपारची गोष्ट सांगितली. सांगायला दोन आठवडे लागले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, जानेवारीत मुंबईला बरोबर पळू." डॉक्टरांनी मला तेव्हा अर्धीच शर्यत पळायची परवानगी दिली होती. म्हटलं, चालेल. उरलेल्या अर्ध्यात मी तुला पाणी देईन.

आजचा अभ्यास: तुमचं जे काम अर्धवट राहिलंय, ते आठवा. त्यात काय मिळालं नाही हे सोडून द्या, त्या काळात रोज मनात काय साठवलं ते कागदावर लिहा. चांगलंही लिहा, वाईटही लिहा. मग तो कागद देवापुढे ठेवा आणि नमस्कार करा. तो आपल्याला बाळा म्हणतो, घाबरायचं कारण नाही.

राम कृष्ण हरी.