मोंतोनेची सावली, निंबर्ग्याचं ऊन

आधी चपला काढा. आमच्या निंबर्ग्यात ओसरीला शहाबादी फरशी असते, आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातल्या खाणीतली. सकाळी तिचा गारवा तळपायांतून वर चढतो. तो चढू द्या. भिंतीला पाठ टेका. आज लांब जायचं आहे, पण घाई नाही.

जुलै आहे, पुनर्वसू लागलंय. अंगणापलीकडच्या काळ्या रानात तूर नुकतीच मातीबाहेर आली आहे. तिच्याकडे बघत चार श्वास घ्या. मोजू नका.

आता गेल्या वर्षीची एक तुराटी घ्या, हातभर लांबीची. अंगणात मोकळ्या जागी सरळ रोवा. ढग असेल तर उघडीप होईपर्यंत थांबा. ऊन पडलं की सावलीच्या टोकापाशी उकिडवे बसा आणि त्या टोकाशी एक खडा ठेवा. टोक हलताना दिसत नाही. नजर लावून बसलात तरी दिसत नाही. पण थोड्या वेळाने खड्याकडे बघाल तर सावली त्याला सोडून निघून गेलेली असते. हातभर काठीच्या सावलीचं टोक मिनिटाला साधारण एका तिळाएवढं सरकतं. तीळ तीळ म्हणतात ते हेच. तो एक तीळ सरकेपर्यंत दुसरं काहीही करू नका.

आता डोळे मिटा.

इटलीत उंब्रिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. टायबर नदी पुढे रोमला जाते, पण तिचं वरचं खोरं इथे आहे. त्या खोऱ्यावर नजर ठेवून एका टेकडीच्या माथ्यावर मोंतोने नावाचं गाव बसलं आहे. मी तिथे गेलेलो नाही. पण गेली काही वर्षं या ओसरीवरून मनाने त्या चढणीला लागतो, आणि आज तुम्हाला सोबत नेतो आहे.

चढ सावकाश चढा. दगडी तट लागेल, मग वेस. आत अरुंद बोळ, एकमेकांना खांदा लावून उभी असलेली दगडी घरं. खालच्या सपाटीवरून फौजा येत-जात, म्हणून माणसांनी घरं वर नेली. आपल्याकडच्या गढ्यांमागेही हीच भीती होती. ब्राच्चो दा मोंतोने हा पंधराव्या शतकातला नावाजलेला सेनानी या गावचा. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानलेला एक काटा गावाने शतकानुशतकं जपला आहे. काटा जपणारं गाव! त्या एका गोष्टीवरून मला या गावाचा स्वभाव कळल्यासारखा वाटतो.

तटापाशी थांबा. खाली खोरं दिसतं आहे. आता मन थोडं घट्ट करा.

१० जुलै १९४४. महिनाभरापूर्वी रोम पडलं आहे, जर्मन फौज टेकडी टेकडी लढवत उत्तरेला मागे सरकते आहे. या खोऱ्यात मराठा पलटण आहे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीला घेऊन पुढे जात आहेत. वय बावीस. गाव पळसगाव-आंद्रेवाडी, तालुका माणगाव, आजचा रायगड जिल्हा. अगदी जवळून मशीनगन सुरू होते आणि तुकडीतला एकेक जण पडतो, कुणी ठार, कुणी जखमी. उभे उरतात ते एकटे घाडगे. ते मागे वळत नाहीत, सरळ मशीनगनवर धावून जातात. हातगोळ्याने ती बंद पाडतात, तिथल्या एकाला गोळी घालतात. मॅगझिन बदलायला वेळ नाही, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घाव घालतात. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या लागतात आणि ज्या जागेसाठी धावले तिथेच ते कोसळतात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर.

इथे थांबू या. पराक्रम वाचताना आपण भरभर पुढे जातो, तसं आज नको. बावीस वर्षांचा भातशेतीच्या मुलखातला मुलगा. जुलैत त्याच्या गावी लावणी सुरू असणार, गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस. आणि तो इथे कोरड्या टेकडीवर, ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही त्या देशात. पडलेल्या त्या जर्मन पोरांची घरंही मनात येतात. येऊ द्या, त्यांना अडवू नका.

इटलीच्या लढाईत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते. ५,७८२ परतले नाहीत. हा आकडा एकदा मोठ्याने म्हणा. आम्ही त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो, हे युद्ध आमच्या शाळेच्या पुस्तकात जेमतेम एका परिच्छेदात उरकलं, आणि ही उणीव मला सलते. आमच्यासारख्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या माणसाला भाषेवरून, जिल्ह्यावरून, राज्यावरून पुष्कळ प्रश्न विचारले जातात. आपल्या बोलीतला एक मुलगा परक्या टेकडीवर पडला आणि त्या टेकडीवरच्या लोकांनी त्याची आठवण ठेवली, हे मात्र कुणी सांगत नाही.

ठेवली, खरंच. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या ग्रामपालिकेने आणि इटलीतल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी तिथे यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. घोड्यावरचा पुतळा नाही, तोफ नाही. त्यांनी सूर्यघड्याळ केलं. त्याचं लॅटिन ब्रीद सांगतं की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इतकं योग्य स्मारक मी दुसरं ऐकलेलं नाही.

डोळे उघडा. तुराटीकडे बघा.

आपण मोंतोनेच्या पूर्वेला सुमारे ६४ अंशांवर आहोत. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. म्हणजे तिथे सूर्य माथ्याशी येतो तेव्हा निंबर्ग्यात माध्यान्ह होऊन सव्वाचार तास झालेले असतात, उन्हं कललेली असतात, गुरं परतायच्या बेतात असतात. मावळतीकडे झुकलेलं हे आपलं ऊन त्या घडीला तिथे भर दुपारचं असतं.

आणि आणखी एक, जे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. १० जुलैच्या माध्यान्हीला मोंतोनेत हातभर काठीची सावली उत्तरेला पडते, वितीला थोडी कमी. निंबर्ग्यात त्या दिवशी सूर्य आपल्या माथ्याच्याही किंचित उत्तरेला गेलेला असतो, म्हणून तुराटीची सावली दक्षिणेला पडते, जेमतेम दोन बोटं. दोन सावल्या, तोंडं दोन दिशांना. कारण सूर्य दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशावर, आपल्या बाजूला सातपुड्याच्या रांगेवर, उभा असतो. या दोन बोटांच्या सावलीपाशी बसा, जितका वेळ बसवेल तितका.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांना थडगं नाही. इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशांच्या यादीत, त्यांचं नाव कोरलेलं आहे.

रोम किंवा फ्लोरेन्सला जाणारं कुणी घरात असेल तर त्यांना एक दिवस मोंतोनेसाठी राखायला सांगा. आणि जाणं होणार नसेल, तर येत्या १० जुलैला भर दुपारी अंगणात एक काठी रोवा आणि सावली खड्याला सोडून जाईपर्यंत तिच्यापाशी थांबा.