शोक आणि मतदान

किशोरवयीन अपत्याच्या आत्महत्येने उद्ध्वस्त झालेल्या घराचा शोक आणि देशाच्या निवडणुकीची चिंता यांचा परस्परसंबंध काय, असे वरवर पाहता वाटेल. परंतु मतदारयादीत चढण्यापूर्वीच जे नाव हयातीच्या दप्तरातून पुसले जाते, त्याचा शोक एका कुटुंबाचा नसून राष्ट्राचाही आहे. २०२२ या एका वर्षात १३,०००हून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद सरकारदरबारी झाली.

मतदानाची संधी हुकणे म्हणजे काय, हे आमच्या भागाने जवळून पाहिले आहे. एकेकाळी सिद्दी नवाबांचे संस्थान असलेले गुजरातमधील आमचे सचिन आज कारखान्यांचे गाव आहे. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या सुरत मतदारसंघात एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज नामंजूर झाला, इतरांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल रोजी मतदानाविनाच निकाल जाहीर झाला. नवसारी मतदारसंघातील सचिनने मात्र ७ मे रोजी मत दिले. मत देण्याची संधी हुकलेल्या नागरिकाची खंत जितकी सार्थ, तितकीच, किंबहुना अधिक, मनातले बोलण्यास कोणी न लाभलेल्या मुलाची व्यथा आपण गंभीरपणे घेतली पाहिजे.

आत्महत्येमागे कारणे अनेक असतात. म्हणून शोकाकुल आईबापांना दोष न देता त्यांच्याजवळ बसावे. मत मागणाऱ्यास शाळेत समुपदेशक केव्हा नेमणार, हे निक्षून विचारावे. आणि घरातील मुलाचे मन आजच, शांतपणे, ऐकून घ्यावे. आधार हवा असल्यास शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. संकोच न करता दूरध्वनी करावा.